पाठ असलेलं पाऊल

४ जानेवारी

मामा,

फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ याच्यापलीकडे जात नाहीस, म्हणून पत्र.

पार्सल मिळालं. आत तपकिरी बूट आणि तुझी चिठ्ठी: ‘नव्या नोकरीसाठी. माप घेतलं नाही, तुझे पाय मला पाठ आहेत.’ आई सांगत होती की पाठवण्याआधी तू ते गल्लीतल्या प्रत्येक दुकानात नेऊन दाखवलेस आणि न्हाव्याने ते उलटे धरून बघितले. मामा, बूट फार देखणे आहेत. पहिल्याच दिवशी घालून गेले. इथे सगळ्यांचं लक्ष आधी बुटांकडे गेलं, मग माझ्याकडे.

आता नोकरीचं. शब्दकोशाची कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे, पायऱ्या बासष्ट. भिंतभर लाकडी खण, खणांत चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक शब्द. माझ्या शेजारी एक काका बसतात. ते नऊ वर्षं ‘प’वर आहेत आणि आपल्या हयातीत ‘फ’ दिसेल ही आशा त्यांनी सोडली आहे. आमचे प्रमुख शिक्षकासारखे दिसतात आणि शिंप्यासारखे वागतात. त्यांना माघारी ‘कात्री’ म्हणतात. मला त्यांनी ‘व्यक्ती’ हा शब्द आणि त्याचं सगळं गणगोत दिलंय. व्यक्तित्व, व्यक्तिमत्त्व, वैयक्तिक, व्यक्तिवाद, आणि शेजारपाजारचे स्वत्व, वेगळेपण, तऱ्हेवाईक, एकलकोंडा. अठ्ठावीस फेब्रुवारीला तिघांच्या समितीपुढे उभं राहून नोंदी वाचून दाखवायच्या. पसंत पडल्या तर मी इथे कायम. नाही तर सामान बांधून घरी, आणि घरी आई मला काय काय ऐकवेल ते मी तुला सांगायला नको.

अडचण अशी आहे की प्रत्येक शब्दाला एक उदाहरण लागतं आणि कात्रींचा नियम असा: वाक्य कुणीही, कुणाहीबद्दल म्हणू शकेल असं हवं. त्यात एखादा खरा माणूस डोकावला की छाटला. आता माणसाच्या वेगळेपणाबद्दल कुणीही म्हणू शकेल असं वाक्य मी कुठून आणू? तू जन्मभर लोकांचे पाय बघतोयस. काही असेल तर पाठव.

तुझी,
भिंगरी


१० जानेवारी

भिंगरीस आशीर्वाद.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. ‘व्यक्तित्व’ म्हणजे काय हे मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. पत्र दोनदा वाचलं, मग कानस खाली ठेवली आणि समोरच्या फळीकडे बघत बसलो.

फळी तुला आठवत असेल. तिच्यावर फर्मे आहेत, म्हणजे ज्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात ते लाकडी पाय. प्रत्येक गिऱ्हाइकाची जोडी निराळी. आज तीनशे सात जोड्या आहेत आणि त्यांत एकीसारखी दुसरी नाही. एवढंच काय, एकाच माणसाचा डावा उजव्यासारखा नसतो. मला वाटतं, देवाकडे फर्मे नाहीत. असते तर सगळे पाय एकसारखे निघाले असते आणि माझं पोट चाललं नसतं. सकाळी कामाला हात लावण्याआधी मी त्याला नमस्कार करतो त्यात थोडा हाही हिशोब असतो.

तुझ्या वाक्यांसाठी दोन माणसं पाठवतो. आपल्या चौकातल्या जुळ्या बहिणी. पन्नाशी उलटली तरी कपडे एकसारखे, केस एकसारखे, बोलतातही एका सुरात. पण धाकटीचं पाऊल मोठीपेक्षा बोटभर रुंद. हे सांगितलं तेव्हा दोघी रागावून उठल्या. ‘आमचं सगळं सारखं आहे!’ आता मी दोन मापांचे बूट करतो आणि दोन्हींवर एकच आकडा ठोकतो. दोघी खूश.

दुसरा औषधवाला. ‘मला सगळ्या गल्लीपेक्षा वेगळा बूट पाहिजे,’ म्हणाला. म्हटलं, कसा? तर शेजाऱ्याच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘असा.’

यांतलं एखादं लिही. आणि बूट कसे बसलेत ते लिहिलं नाहीस. देखणे आहेत ते मला माहीत आहे, मीच केलेत.

मामा


१९ जानेवारी

मामा,

तुझ्या जुळ्या बहिणींना कात्री लागली. ‘या बायका कोण?’ म्हणाले. मी म्हटलं, कुणीही असू शकतात. ‘बोटभर रुंद असलेली कुणीही नसते,’ म्हणाले आणि चिठ्ठी परत केली. औषधवाल्यावर मात्र ते बराच वेळ थांबले. मग त्यालाही छाटलं. पण दुपारी डबा खाताना पकाकांना (‘प’वाल्या काकांना मी आता पकाका म्हणते) तोच किस्सा स्वतःचा म्हणून सांगत होते.

‘एकलकोंडा’ आणि ‘स्वतंत्र’ यांच्यात दोन दिवस गेले. एकटा बसलेला माणूस आपल्याला आवडत असेल तर आपण त्याला स्वतंत्र म्हणतो, नसेल तर एकलकोंडा. ही व्याख्या मी खरोखरच लिहून दिली. कात्री म्हणाले, ‘शब्दकोश आहे हा, गल्लीतली कुजबुज नाही.’

बुटांचं काही विचारू नकोस, इतके छान आहेत. मी दिवसभर जागेवरून उठतच नाही. कात्रींनी परवा सगळ्यांना सांगितलं, ‘हिच्यासारखं काम करायला शिका, पाण्यालासुद्धा उठत नाही.’

आई दोन दिवस राहून गेली. तिला मी जरा वाळलेली वाटले. तुला काही बोलली का?

भिंगरी


२७ जानेवारी

भिंगरीस आशीर्वाद.

तुझी आई आली ती थेट दुकानात. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, ‘पोरगी बदलली रे. एकेक पायरी जपून उतरते, कठड्याला धरून. पूर्वी दोन-दोन पायऱ्या गाळून उड्या मारायची. प्रेमात तर पडली नाही ना?’

मी म्हटलं, ताई, प्रेमात पडलेली माणसं जपून उतरत नाहीत. तिच्या डोक्यावर ‘व्यक्तित्व’ आहे, ते सांडू नये म्हणून चालत असेल. पण ती गेल्यावर मला राहवलं नाही. तुला भिंगरी हे नाव मी ठेवलंय. या दुकानाच्या ओट्यावर तू गरगर फिरायचीस आणि माझ्या खिळ्यांचा डबा लाथाडायचीस. ती पोरगी कठडा धरून उतरते हे ऐकून वाईट वाटलं. परीक्षेची धास्ती घेतलीस का? घेऊ नकोस. आपण आपलं काम मन लावून करावं, पुढचं बघायला तो आहे.

सोबत दुसरा जोड पाठवतोय. काळा, समितीच्या दिवशी घालायला. तुझाच फर्मा. धूळ झटकली आणि हातात धरला, तर जसाच्या तसा. तू सोळा वर्षांची, शिकायला बाहेर निघाली होतीस तेव्हा केला होता. डोळे मिटूनसुद्धा सांगेन: अंगठा सरळ, करंगळी बाणासारखी, टाच नाजूक. यावेळी चामडं थोडं कडक घेतलंय, म्हणजे पाय नीट धरून ठेवील.

मामा


६ फेब्रुवारी

मामा,

काळा जोड मिळाला. काय लिहू? पाय चांगलाच धरून ठेवतो.

धास्ती नाही रे. उलट काम पुढे सरकलंय. ‘व्यक्तित्व’ची व्याख्या कात्रींना प्रथमच पसंत पडली: ‘एखाद्या माणसाला इतरांहून वेगळं ठरवणारे त्याचे कायमचे गुण.’ त्यांनी ‘ठीक’ असं लिहिलं. पकाका म्हणाले, नऊ वर्षांत त्यांना तीन ‘ठीक’ मिळालेत, चिठ्ठी जपून ठेव.

‘तऱ्हेवाईक’साठी उदाहरण म्हणून मी तुला वापरलं, राग मानू नकोस: ‘बूट लागतो असं गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून त्याने आठवडाभर कुणाशी बोलणं टाकलं.’ आठवतं? मी दहा वर्षांची होते. तू जेवायलाही पाठ करून बसायचास. आजी म्हणायची, जाऊ दे, त्याचा स्वभावच तो. कात्रींनी तुला छाटलं, पण मी म्हटलं तुला कळवावं.

आता बावीस दिवस उरले.

भिंगरी


१४ फेब्रुवारी

भिंगरीस आशीर्वाद.

तुझी व्याख्या भिंतीवर चिकटवली. चार दिवस येता-जाता वाचली. एक शब्द मला टोचतो. तुमच्या साहेबांनी ‘ठीक’ लिहिलंय, तेव्हा माझं ऐकलंच पाहिजे असं नाही. पण ‘कायमचे’ हे मला पटत नाही.

प्रत्येक फर्म्याच्या बुडाशी मी तारीख लिहितो. दोन वर्षं झाली की त्या मापावर बूट करायचा नाही, हा माझा पहिल्यापासूनचा नियम. पुन्हा कागदावर उभं करायचं, पेन्सिल सरळ धरून पाऊल काढायचं, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतो. लोक कुरकुर करतात. ‘अहो, तोच पाय आहे.’ तोच असतो, पण तसाच नसतो. बाळंतपणानंतर बाईचं पाऊल वाढतं. गाणं शिकवणारे गुरुजी शिडीवरून पडले तेव्हापासून ते बाहेरच्या कडेवर चालतात. फेरीवाल्याने फिरती सोडून दुकान घातलं, तर तीन वर्षांत त्याचा तळवा मऊ पडला. म्हणून ते कुणी दुसरे झाले का? बोलायला लागले की लगेच ओळखू येतात.

आणि माझं म्हणशील तर, तो आठवडाभर न बोलणारा मीच. कबूल. त्याला सतरा वर्षं झाली. गेल्या वर्षी तिघांनी बूट लागतो म्हणून सांगितलं. तिघांचेही परत घेतले, उकलले, पुन्हा केले. रात्रीच्या प्रार्थनेत देवाला म्हटलं, बरं झालं, सांगितलं तरी. न सांगता जे घालून फिरतात त्यांचं काय होत असेल?

तेव्हा ‘कायमचे’चं बघ जरा. तुझा फर्मा मात्र मला पाठ आहे, तिथे नियमाची गरज नाही.

मामा


१ मार्च

मामा,

हे पत्र बसून वाच. हातात कानस असेल तर खाली ठेव.

काल समिती होती. वेळ संध्याकाळी पाचची. मी काळा जोड घालून बासष्ट पायऱ्या चढले आणि माझ्या टेबलाशी बसले तेव्हा बोटं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. टेबलाखाली हळूच बूट काढले. मला बोलावलं. पाय पुन्हा आत घालायला गेले तर जाईचनात. संध्याकाळी पाय फुगतो ना? पकाका खाली वाकून जोर लावत होते, ‘घाल, घाल, अजून थोडं!’ शेवटी तशीच गेले. अनवाणी.

समितीत कात्री, व्याकरण शिकवणाऱ्या एक वयस्क बाई, आणि संस्थेचे एक विश्वस्त. विश्वस्त झोपले होते. बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं.

‘बूट कुठायत?’

‘टेबलाखाली.’

‘का?’

नवे आहेत म्हणून, असं सांगणार होते. तोंडात आलंच होतं. पण हातात ‘व्यक्तित्व’ची चिठ्ठी होती. ती वाचायला लागले आणि ‘त्याचे कायमचे’ इथवर आले. खिशातली पेन्सिल काढली आणि उभ्या उभ्या ‘कायमचे’वर रेघ मारली.

कात्री म्हणाले, ‘अहो, ते ठीक होतं!’

मग मी सगळं सांगितलं. तुलाही तेच सांगते. बूट लागतात, मामा. तपकिरी लागतात आणि काळे त्याहून लागतात. सोळाव्या वर्षीचा पाय आता नाही. तो वाढला. आणि डावी करंगळी बाणासारखी नाही. शिकायला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या जिन्यावरून पडले, हाड मोडलं, वाकडं जुळून आलं. घरी कळवलं नाही, कारण आईने मला परत बोलावून घेतलं असतं. नऊ वर्षं ही करंगळी मी तुमच्यापासून लपवून ठेवलीय. घरी आले की मोजे काढत नाही, ते तुम्हाला थंडीमुळे वाटतं.

या जागी विश्वस्त जागे झाले. म्हणाले, ‘म्हणजे मामा चुकले?’

मी म्हटलं, ‘नाही. मी सांगितलं नाही.’

बाईंनी विचारलं, ‘मग इतरांच्या मापाचं ते काय करतात?’ म्हटलं, ‘माप घेताना त्या व्यक्तीला उभं राहायला सांगतात. दरवेळी.’ कात्रींनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मग विचारलं, ‘ “कायमचे” काढल्यावर व्यक्तित्वात उरलं काय?’ मी म्हटलं, ‘माणूस उरतो. फक्त त्याला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं.’ त्यांनी ‘ठीक’ म्हटलं नाही. निकाल दहा-बारा दिवसांनी. बहुतेक मी घरी येतेय.

तुला का सांगितलं नाही, तर तू आठवडाभर पाठ करून बसशील म्हणून. तुझं पत्र भिंतीवर लावून वाचलं तेव्हा कळलं. मामा, मीही तुझा जुनाच फर्मा वापरत होते. सतरा वर्षांचा.

राग आला असेल तर आठवडाभर बोलू नकोस. पण लिही.

भिंगरी


७ मार्च

भिंगरीस,

पाठ करून बसलो होतो. खोटं कशाला सांगू? पण आठवडाभर नाही, दुपारच्या जेवणापुरता. आणि तोही तुझ्यावर नाही. तीनशे सहा जणांना नियम लावला आणि एकीला नाही, का तर ती आपली. आपल्या माणसाला कागदावर उभं करायचं म्हणजे जणू त्याला ओळखत नाही असं कबूल करणं, असं मला वाटायचं. देवाने मला बरोबर माझ्याच फळीवर पकडलं.

मग उठलो आणि ज्या ज्या दुकानात बूट दाखवले होते तिथे तिथे जाऊन सांगितलं की ते चुकले. न्हावी म्हणाला, ‘उलटे धरले तेव्हाच मला शंका आली होती.’ खोटारडा. तेव्हा त्याने त्याच्या मुलीसाठी तसाच जोड मागितला होता.

तुझ्या आईला करंगळीचं सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग, आणि मी जवळ नसताना सांग.

आता नीट वाच. साधा जाड कागद घे. जमिनीवर ठेव. संध्याकाळी, अनवाणी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी राहा. स्वतः वाकून पाऊल काढू नकोस, वाकलं की पाय बदलतो. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल धरायला सांग. पेन्सिल सरळ उभी हवी, तिरपी नको. करंगळीला वळसा घालताना घाई करायची नाही.

निकाल काहीही लागो. घरी आलीस तर ओटा आहे. फिरायला जागा आहे.

मामा


१२ मार्च

मामा,

सोबत दोन पावलं. कागद म्हणजे छापखान्यातून परत आलेल्या रद्द पानाची मागची बाजू आहे. पेन्सिल पकाकांनी धरली. गुडघ्यावर बसून कण्हत होते, ‘नऊ वर्षं झाली, “फ” नाही दिसला, पण हे बघायचं नशिबात होतं.’ इतक्यात कात्री आत आले. मी कागदावर अनवाणी उभी, पकाका जमिनीवर. कात्री म्हणाले, ‘पेन्सिल उभी धरा.’ आणि निघून गेले.

थोड्या वेळाने त्यांनी बोलावलं. ‘व्यक्तित्व’ मंजूर, ‘कायमचे’ वगळून. ‘व्यक्ती’खालचं उदाहरण त्यांनी स्वतः लिहिलं होतं: ‘माप घेताना त्या व्यक्तीला उभं राहायला सांगावं.’ म्हणाले, ‘हे कुणीही, कुणाहीबद्दल म्हणू शकेल.’ मामा, तू कोशात आहेस, आणि तू आहेस हे कुणालाही दिसणार नाही.

मग म्हणाले, ‘आणि तुम्हाला कायम केलंय.’ मी म्हटलं, ‘तो शब्द तर आपण काढला ना?’ ते हसले नाहीत. पण पाठ फिरवून खण बंद करत होते तेव्हा त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

आईला करंगळीचं सांगितलं. फोन अजून गरम आहे.

भिंगरी


२४ मार्च

भिंगरीस आशीर्वाद.

निकाल कळला त्या दिवशी दुकान तासभर आधी बंद केलं. देवापुढे बसलो, पण काय मागायचं ते सुचेना. तसाच उठलो.

तुझी पावलं फर्म्याशेजारी ठेवून बघितली. पहिल्यांदा वाटलं, जुना टाकावा आणि नवं लाकूड घ्यावं. पटाशी हातात घेतली आणि थांबलो. जुन्या फर्म्यावर चामड्याच्या पट्ट्या ठोकून तो वाढवता येतो. तसंच केलं. एक पट्टी अंगठ्याखाली, एक टाचेला, आणि करंगळीपाशी तीन, एकीवर एक, कानसून कानसून तिच्या वाकड्या वळणावर आणल्या. दोन दिवस लागले. एवढा वेळ मी कुणाच्या करंगळीला दिलेला नाही. आता आत तू सोळा वर्षांची आहेस आणि वरून सत्तावीसची. बुडाशी आजची तारीख लिहिली आणि तिच्याखाली पुढच्या तारखेसाठी जागा सोडली.

नवा जोड सोबत आहे. तपकिरी. या वेळी कुठल्याही दुकानात दाखवला नाही. न्हावी दोनदा डोकावून गेला.

घालून बासष्ट पायऱ्या उतर. कठडा धरू नकोस. मग पत्र लिही. त्यात कुठे लागतो ते आधी लिही. छान आहे, ते मागाहून.

मामा